क्रिया कोणाची ?

‘माझें’, ‘तुझें’, ‘त्याचें’ हे शब्द दिसावयास लहान आहेत. परंतु जगांतील बरेचसे तंटे ह्यांच्याच पोटीं जन्म घेतात. शेत कोणाचें, विहीर कोणाची, ह्याचा निवाडा कचेरींत होतो. ‘हें कृत्य कोणाचें ?’ हा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे, आणि त्याचा निवाडा पुष्कळ वेळां बोलणाराच्या वाक्यांतच होऊन गेलेला असतो. इंग्रजी शिकवितांना ही गोष्ट माझ्या मनांत वारंवार येते, म्हणून ती आमच्या वार्षिकाच्या वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहें. विषय व्याकरणाचा आहे एवढ्यावरून कोणीं पान उलटूं नये, इतकीच विनंति.

ह्या बाबतींत आपली मराठी मोठी उदार आहे. ‘रामाचा जाण्याचा निश्चय’, ‘रामाची पोहण्याची शक्ति’, ‘रामाची उशिरां येण्याची सवय’ हीं उदाहरणें पाहा. षष्ठीचा प्रत्यय दोनदां येतो. एकदां कर्त्याला व एकदां क्रियेला. नाम कोणतेंहि असो, क्रियेचें रूप तेंच राहतें. बदल होतो तो केवळ पुढील नामाच्या लिंगवचनाप्रमाणें. इंग्रजीचा स्वभाव निराळा. ती कर्त्याला अपॉस्ट्रॉफी व ‘एस’ देते, पण क्रियेसाठीं दोन वेगळे पोशाख ठेविते. एक ‘टु’ लावून होणारा इन्फिनिटिव्ह, व दुसरा ‘ऑफ’ इत्यादि शब्दांच्या पुढें येणारा, ‘इंग’ प्रत्ययाचा जेरंड. ‘राम्ज डिसिजन टु गो’ असें म्हणावयाचें, पण ‘राम्ज हॅबिट ऑफ कमिंग लेट’. आमचा विद्यार्थी मराठी ‘चा’ म्हणजे इंग्रजी ‘ऑफ’ असें समजून ‘हिज डिसिजन ऑफ गोइंग’ व ‘हिज एबिलिटी ऑफ स्विमिंग’ असें लिहितो. आणि तांबड्या शाईनें तें खोडलें म्हणजे दुसरे दिवशीं ‘हिज हॅबिट टु कम लेट’ असें लिहून आणितो. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. मातृभाषेंत जेथें एकच वाट आहे तेथें त्याला अचानक दोन वाटा लागतात, आणि खुणेचा दगड कोठें दिसत नाहीं.

खुणेचा दगड एक आहे. पुष्कळ नामें आपल्या मूळ शब्दाचा वारसा चालवितात. ‘डिसाइड’ ह्या क्रियापदापुढें ‘टु’ येतो, म्हणून ‘डिसिजन’ ह्या नामापुढेंहि ‘टु’ येतो. तीच गोष्ट ‘रिफ्यूज’ व ‘रिफ्यूजल’ ह्यांची, आणि ‘एबल’ ह्या विशेषणाची व ‘एबिलिटी’ ह्या नामाची. ‘प्रॉमिस’ व ‘अटेम्प्ट’ हे शब्द तर क्रियापद असोत वा नाम असोत, ‘टु’ची सोबत सोडीत नाहींत. परंतु हा वारसा सर्वत्र चालत नाहीं. मनुष्य ‘होप्स टु विन’, पण त्याची असते बहुधा ‘होप ऑफ विनिंग’. त्यानें झोपेचें सोंग केलें तर तो ‘प्रिटेंड्स टु स्लीप’, पण त्याचें सोंग मात्र ‘प्रिटेन्स ऑफ स्लीपिंग’. ‘लव्ह’ व ‘फिअर’ ह्या क्रियापदांपुढें ‘टु’ येऊं शकतो. पण त्यांचीं नामें झालीं कीं सामान्यतः ‘ऑफ’ व जेरंड हींच योग्य.

हीं नामें दोन रकान्यांत मांडून पाहिलीं म्हणजे एक मौज दिसते. निश्चय, नकार, वचन, प्रयत्न, परवानगी हीं संकल्पाचीं नामें बहुतेक इन्फिनिटिव्हकडे जातात. प्रीति, भीति, आनंद, सवय, छंद हीं अंतःकरणाचीं व वळणाचीं नामें बहुतेक जेरंडकडे जातात. ह्यांत कारण नाहीं असें नाहीं. इन्फिनिटिव्हमधील ‘टु’ हा मूळचा ‘कडे’ ह्या अर्थाचा शब्द. संकल्प नेहमीं पुढें पाहतो. त्याची क्रिया अद्याप घडावयाची असते, व मन तिच्याकडे तोंड करून उभें असतें. सवयीची क्रिया मात्र अनेकदां घडून गेलेली असते, आणि प्रीतीची वा भीतीची क्रिया मनापुढें एखाद्या वस्तूसारखी ठेवलेली असते. म्हणून तिला नामाचेंच रूप शोभतें. अर्थात् हा नियम लोखंडाचा नव्हे. ‘इंटेन्शन’ दोन्ही घरीं नांदतें. ‘चान्स टु विन’ म्हणजे जिंकावयास मिळालेली संधि, आणि ‘चान्स ऑफ विनिंग’ म्हणजे जिंकण्याचा संभव. पहिला असून दुसरा नसणें हें तर क्रिकेटच्या मैदानावर आपण नित्य पाहतों.

आतां कर्त्याकडे वळूं. षष्ठींतील मनुष्य हाच पुढील क्रियेचा कर्ता, असें विद्यार्थी गृहीत धरितात. ‘दि टीचर्स प्रॉमिस टु कम’ ह्यांत तें खरें आहे. वचन शिक्षकाचें व येणेंहि शिक्षकाचें. परंतु ‘दि टीचर्स ऑर्डर टु कम’ म्हटलें कीं हुकूम शिक्षकाचा राहतो आणि येणें विद्यार्थ्याच्या पायांवर पडतें. ‘हिज फादर्स परमिशन टु गो’ ह्यांत परवानगी बापाची व जाणें मुलाचें. तिन्हीं वाक्यखंडांचा सांगाडा एकच. कर्ता कोण हें नामाच्या अर्थावरून ओळखावें लागतें. वचन देणारा मनुष्य भार आपल्या शिरावर घेतो, आणि हुकूम देणारा तो दुसऱ्याच्या शिरावर ठेवितो. वडील माणसांनीं, आणि त्यांत आम्हां शिक्षकांनीं विशेषेंकरून, हा भेद ध्यानांत धरण्यासारखा आहे.

हा सर्व केवळ शब्दांचा खेळ आहे असें ज्यांस वाटेल त्यांस एक अनुभव सांगतों. एका विद्यार्थ्याचें शिफारसपत्र मला लिहावयाचें होतें. त्यावर त्याची शिष्यवृत्ति अवलंबून होती. मुलगा हुशार, पण हजेरीपटावर पावसाळ्यांतील दोन महिन्यांच्या रकान्यांत गैरहजेरीच्या खुणांवांचून कांहीं नव्हतें. बाप अंथरुणास खिळला होता, पेरणी उभी होती, आणि घरांत दुसरा पुरुष नव्हता. गैरहजेरीचा उल्लेख करणें भाग होतें. ‘हिज हॅबिट ऑफ स्टेइंग अवे’ असें लिहिलें असतें तर तो आळशी ठरला असता. ‘हिज फेल्यर टु अटेंड’ हा कचेरींतील नेहमींचा प्रयोग. त्यांत खोटें कांहीं नव्हतें, परंतु वाचणाराच्या मनांत कर्तव्यांतील कसुरीची शंका राहिली असती. मीं ‘हिज इनेबिलिटी टु अटेंड’ असें लिहिलें व खालीं कारण दिलें. तिन्हीं ठिकाणीं षष्ठी त्या मुलाचीच आणि गैरहजेरीहि तीच. पण मधल्या एका नामानें एकदां दोष लागतो, एकदां शंका राहते, आणि एकदां सत्य कळतें. शेजाऱ्याविषयीं खोटी साक्ष न देण्याची आज्ञा व्याकरणाच्या वर्गांतहि लागू आहे, हें मी त्या दिवसापासून मुलांस सांगत असतों.

शेवटीं, जेथें मधलें नाम नसतें व षष्ठी सरळ जेरंडला जोडली जाते, त्या प्रयोगाविषयीं दोन शब्द. ‘आय डिसलाइक दि बॉइज कमिंग लेट’ असें षष्ठी लावून म्हणावें, कीं ‘दि बॉय कमिंग लेट’ असें साधें म्हणावें ? फाउलर बंधूंनीं १९०६ सालीं ‘द किंग्ज इंग्लिश’ ह्या ग्रंथांत दुसऱ्या प्रयोगास ‘फ्यूज्ड पार्टिसिपल’ असें नांव देऊन दूषण लाविलें, आणि थोरले बंधु हेन्री ह्यांनीं १९२६ सालच्या ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’ मध्यें तेंच मत आग्रहानें मांडिलें. त्याच वर्षीं येस्पर्सन ह्या डेन्मार्कच्या पंडितानें जुन्या-नव्या लेखकांचे दाखले काढून हा प्रयोग इंग्रजींत मुरलेला आहे असें दाखविलें. इंग्रजी ज्याची मातृभाषा नव्हे त्यानें इंग्रजांसच त्यांच्या भाषेचा व्यवहार दाखवावा, ह्यांत आपणांसहि धीर येण्याजोगें कांहीं आहे. आज दोन्ही प्रयोग चालतात. सर्वनाम किंवा लहानसें व्यक्तिवाचक नाम असेल तर शिष्ट लेखनांत षष्ठी बरी. नाम लांबलचक किंवा निर्जीव वस्तूचें असेल तर तिचा आग्रह नको.

पण वर्गांत मी षष्ठीचाच पक्ष घेतों, व त्याचें कारण व्याकरणाबाहेरचें आहे. ‘उशिरां येणारा मुलगा मला आवडत नाहीं’ असें म्हटलें कीं नावड मुलावर जाऊन बसते. ‘मुलाचें उशिरां येणें मला आवडत नाहीं’ असें म्हटलें कीं नावड त्याच्या कृत्यावर राहते. मुलगा मोकळा राहतो, पण कृत्य त्याचेंच आहे हेंहि वाक्य विसरत नाहीं. मनुष्य व त्याचें पाप ह्यांस वेगळें करावें, आणि तरीहि त्याची जबाबदारी त्याच्यापासून काढून घेऊं नये, हें प्रत्येक शिक्षकास व प्रत्येक आईबापास साधावयाचें असतें. आपल्या मराठींत तें एका ‘चें’ नें साधतें, आणि इंग्रजींत एका अपॉस्ट्रॉफीनें. विद्यार्थीमित्रहो, तें लहानसें चिन्ह लिहावयास आळस करूं नका.