पांढरी, काळी आणि प्रवेशपात्रता

‘लँडस्केप आर्किटेक्चर’ या विद्याशाखेला मराठीत सर्वमान्य असे एक नाव नाही, आणि तिच्याविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ तेथेच आहे. ‘भूदृश्य वास्तुकला’ म्हटले की ‘दृश्य’ या शब्दामुळे सारा मामला डोळ्यांच्या सुखाचा वाटतो. ‘प्रांगणरचना’ म्हटले की विषय बंगल्याच्या अंगणापाशीच थांबतो. आणि रोजच्या बोलण्यात कोणी ‘लँडस्केप करून घेतले’ असे सांगतो तेव्हा बांधकाम आटोपल्यावर उरलेल्या जागेत विकतची हिरवळ अंथरली व कडेने पामची झाडे लावली, इतकाच त्याचा अर्थ असतो. वस्तुतः जमिनीचा उतार, तिच्यावरून वाहणारे पाणी, तिची माती, तिच्यावरची वनस्पती आणि तिच्यावर वावरणारी माणसे व जनावरे यांचा परस्परसंबंध समजून घेऊन जागेची रचना करणे हा या विद्येचा गाभा आहे, आणि म्हणून तिचे काम पायाची खोदाई होण्यापूर्वी सुरू व्हावे लागते. इमारत पूर्ण झाल्यावर ‘आता थोडी झाडे सुचवा’ म्हणून बोलावणे आले की या क्षेत्रातील माणसाला जो शीण येतो, तो त्यामुळेच.

दिवाळी अंकासाठी लिहिताना तांत्रिक भाग टाळावा, ही संपादकांची अपेक्षा रास्त आहे. परंतु उताराविषयी काहीच न सांगता या विषयावर लिहिणे म्हणजे ताल वगळून तबल्यावर लिहिण्यासारखे होईल. नकाशावर सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषांना समोच्च रेषा म्हणतात. त्या जवळजवळ आल्या की उतार तीव्र आणि दूरदूर गेल्या की जमीन सपाट, एवढे कळले की पाणी कोणत्या बाजूने धावेल व कोठे रेंगाळेल हे कागदावरच दिसू लागते. एक हेक्टर जागेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाच लाख लिटर पाणी जमिनीवर उतरते. त्यातील किती मुरेल आणि किती वाहून जाईल हे उतारावर व मातीवर अवलंबून असते. फरशी किंवा डांबर असेल तर जवळजवळ सारेच वाहते, गवताळ मुरमाड जमीन असेल तर त्यातले बरेचसे मुरते. खानदेशातील धरणगावसारख्या गावाच्या काळ्या मातीचे गणित आणखी वेगळे आहे, कारण ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि शहरातल्या नमुन्यावरून बसवलेले पेव्हर ब्लॉक दोन पावसाळ्यांत वरखाली करून टाकते. हे ज्याला शिकविलेले नाही, त्याने काढलेले बागेचे चित्र कितीही देखणे असले तरी ते चित्रच राहते.

हिरवळीचा हिशोबही येथे मांडणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो त्या खानदेशात हिरवळ जगवायची, तर चौरस मीटरमागे दिवसाला सहा लिटर पाणी सहज लागते; म्हणजे एका गुंठ्याला सुमारे सहाशे लिटर. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे हे जलजीवन मिशनचे प्रमाण धरले, तर एक गुंठा हिरवळ सुमारे अकरा माणसांचे पाणी पिते. जेथे वर्षभरात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे हा निर्णय केवळ आवडीनिवडीचा म्हणता येत नाही, आणि तरीही शासकीय कार्यालयांपासून मंगल कार्यालयांपर्यंत सर्वत्र तो आवडीनिवडीचा म्हणूनच घेतला जातो.

या विद्येचा विद्यापीठीय इतिहास फार जुना नाही. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी काल्व्हर्ट व्हॉक्स यांच्यासह १८५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला, आणि १९०० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात या विषयाचे शिक्षण सुरू झाले. भारतात दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये १९७२ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे अहमदाबाद, पुणे अशा ठिकाणी त्याच्या शाखा फुटल्या, आणि २००३ मध्ये या व्यावसायिकांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. अभ्यासक्रम सामान्यतः चार सत्रांचा असतो व त्याचा कणा ‘स्टुडिओ’ हा असतो, म्हणजे प्रत्यक्ष जागा घेऊन तिचे सर्वेक्षण, विश्लेषण व आराखडा करण्याचा वर्ग. त्याच्या जोडीला वनस्पतिशास्त्र, परिसरशास्त्र, जलव्यवस्थापन, बांधकामाचे तपशील आणि उद्यानांचा इतिहास हे विषय येतात.

यापुढचा मुद्दा वादाचा आहे आणि या क्षेत्रातील अनेकांना तो पुन्हा पुन्हा उगाळलेला आवडत नाही, तरी तो सविस्तर मांडावा लागतो. बहुतेक ठिकाणी या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यासाठी आधी वास्तुकलेची पाच वर्षांची पदवी असावी लागते, आणि त्या पदवीसाठी बारावीला ठरावीक विषय व ‘नाटा’सारखी अभिक्षमता परीक्षा. स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम मोजक्याच संस्थांत आहेत. म्हणजे धरणगावच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीने कृषी किंवा उद्यानविद्या या विषयाची पदवी घेतली, माती व पीक यांचे तिला उत्तम ज्ञान असले, तरी या विद्येचे दार तिच्यासाठी बहुतेक ठिकाणी बंद असते. उलट ज्याने आयुष्यात कधी वखर पाहिला नाही, त्याला केवळ भिंती व छपरे रेखाटण्याच्या पदवीवर आत जाता येते. या अटीच्या समर्थनार्थ असे म्हटले जाते की रेखाटन, प्रमाण व बांधकाम यांचे शिक्षण नसेल तर आराखडा करता येणार नाही. हे म्हणणे निराधार नाही, पण त्यातून जे सिद्ध होते ते एवढेच की उद्यानविद्येच्या पदवीधराला एक वर्ष रेखाटन शिकवावे. आणि त्याच न्यायाने वास्तुविशारदाला एक वर्ष मातीत उभे करावे लागेल, हे मात्र कोणी म्हणत नाही. शिवाय ज्यांची नावे या विषयाच्या पहिल्या व्याख्यानात घेतली जातात, त्यांतील ओल्मस्टेड स्वतः शेती केलेले होते व वास्तुकलेची पदवी त्यांच्याजवळ नव्हती, आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकविणारे पॅट्रिक गेडिस हे मुळात वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक असून त्यांनी कोणतीच पदवी घेतलेली नव्हती. आजच्या नियमांनुसार हे दोघेही छाननीतच बाद झाले असते.

या अटीतील विसंगती कायद्याच्या बाजूने पाहिली तर अधिकच स्पष्ट होते. दिल्लीतला तो अभ्यासक्रम ज्या वर्षी सुरू झाला, त्याच १९७२ मध्ये संमत झालेल्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ या बिरुदाला संरक्षण दिले. परंतु हे संरक्षण बिरुदाला आहे, कामाला नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. त्यामुळे जमिनीची रचना करून देण्याचे काम एखादा रोपवाटिकेचा मालकही उद्या सकाळी सुरू करू शकतो. व्यवसायाला दारच नाही आणि अभ्यासाच्या दाराला मात्र कुलूप, अशी ही अवस्था आहे.

खानदेशाच्या दृष्टीने यातील हानी विशेष आहे, कारण या प्रदेशात जमीन वाचण्याची भाषा आधीच तयार आहे. ज्या जमिनीवर वस्ती ती पांढरी, ज्या जमिनीवर पीक ती काळी. क्षार चढलेली ती चोपण. दोन बांधांमधून गाडी जाईल अशी ती पांदण. पाणी उतरते तो ओघळ. गुरे चरतात ते गायरान. यातील प्रत्येक शब्दामागे माती, उतार व वहिवाट यांचे एकत्रित निरीक्षण आहे, आणि वर्गात इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून जे वर्गीकरण शिकविले जाते त्याच्याशी ते नीट जोडून दाखवता येते. फक्त तसे सहसा कोणी दाखवीत नाही.

भाषेप्रमाणे रचनाही येथे आहे. धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत काही शतकांची आहे. नदीवर एकाखाली एक बंधारे घालायचे, पाटाने पाणी वळवायचे, बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या क्षेत्राचे, म्हणजे थळाचे, साधारणपणे चार फड पाडायचे, एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यायचे व ते फिरवत राहायचे, आणि उरलेले पाणी सांडीवाटे पुन्हा नदीला द्यायचे, अशी ही व्यवस्था. शेतकऱ्याची जमीन सामान्यतः प्रत्येक फडात थोडी थोडी असे, त्यामुळे पाणी कमी पडले की ते सर्वांनाच कमी पडे. पाटकरी पाणी वाटी, जागल्या राखण करी. वरच्या अंगाला मोठी धरणे झाल्यावर नदीचा बारमाही प्रवाह आटला आणि अनेक ठिकाणी ही पद्धत खिळखिळी झाली. तरीही उतार, पाणी व समाज यांची इतकी नेमकी सांगड घातलेली रचना ज्या प्रदेशात आहे, तेथील विद्यार्थ्याला व्हर्सायच्या बागेची समरूपता पाठ करावी लागते, याचे नवल वाटेनासे झाले आहे, हीच खेदाची गोष्ट आहे.

गेडिस यांनी नियोजनापूर्वी सर्वेक्षण हा आग्रह धरला व त्यासाठी ‘दरीचा काटछेद’ ही कल्पना मांडली. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत जमीन उभी कापल्यासारखी रेखाटायची आणि कोणत्या उंचीवर कोणता व्यवसाय व कोणती वस्ती आहे ते नोंदवायचे. धरणगावात १८९० मध्ये जन्मलेल्या बालकवींच्या ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेत झरा, टेकडीकडचे गाव, शेतमळे, पायवाट, डोह आणि अखेरीस पाण्याकाठचे झाड असा जो क्रम येतो, तो काव्याच्या अंगाने पुष्कळ चर्चिला गेला आहे. परंतु तो पाण्यापासून पाण्यापर्यंतचा एक काटछेदही आहे, आणि त्यात जनाची, पिकाची व वाटेची जागा उताराप्रमाणे ठरलेली आहे, हे या विद्येच्या वर्गात सांगण्याजोगे आहे.

गिरणेकाठच्या ज्या विद्यापीठाला २०१८ मध्ये शाळेची पायरी न चढलेल्या बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले, त्याच्या परिसरातून पुण्या-मुंबईकडे वास्तुकला शिकायला जाणाऱ्यांपैकी सात वर्षांनंतर किती जण धरणगावला परततील, याविषयी आशावादी राहणे कठीण आहे. गृहसंकुलांच्या हिरवळी आखण्यात पगार आहे आणि पांदण दुरुस्त करण्यात नाही. तरीही प्रवेशासाठी एकच कसोटी ठेवायची झाली, तर ती पदवीच्या कागदाची नसावी. उमेदवाराने पांढरीतून निघून काळीपर्यंत चालत जावे, वाटेत कोठे पाणी येते, कोठे थांबते व कोठून निसटते ते पाहावे, आणि आपल्या शिवाराचा एक काटछेद काढून आणावा. तो बरोबर आहे की नाही हे तपासताना मात्र परीक्षकांना त्या गावच्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याचा सल्ला घ्यावा लागेल. आणि कदाचित नियम बदलण्यातली खरी अडचण तीच असावी.