पेटीतलं लाकूड

ग्रीकांच्या नियतीदेवता म्हटल्या की सगळ्यांना आठवतो तो धागा. क्लोथो सूत कातते, लॅकेसिस ते मापून ज्याच्या त्याच्या वाट्याला देते, ॲट्रोपॉस तोडते. या तिघींचं माहेर मात्र धड ठरत नाही. हेसिअड एकाच काव्यात त्यांना आधी रात्रीच्या लेकी म्हणतो, पुढे झ्यूस आणि थेमिसच्या. प्लेटोनं त्यांना अनांकेच्या, म्हणजे साक्षात अटळतेच्या पोटी घातलं. मला यात काही वावगं वाटत नाही. नशिबाला कधी आंधळं म्हणायचं, कधी न्यायी, हे आपलंही चालूच असतं.

पण धाग्यापेक्षा मला छळतं ते एक लाकूड.

कॅलिडॉनच्या राणीला, अल्थियाला, मुलगा झाला. मेलियागर. सातव्या दिवशी तिघी आल्या. चुलीत ओंडका जळत होता. हा जळून संपेल तेव्हा पोर मरेल, एवढं बोलून त्या चालत्या झाल्या. अल्थियानं धडपडत लाकूड ओढून काढलं, विझवलं आणि पेटीत दडवून ठेवलं. आपली सटवाईही पाचव्या-सहाव्या रात्री येते, पण ती कपाळावर लिहून जाते आणि ते कुणाला वाचता येत नाही. केवढे उपकार! या देवींनी मात्र सगळं आईच्या कानावर घातलं आणि पोराचं मरण तिच्याच हवाली केलं. वर्षानुवर्षं ते अर्धवट जळकं लाकूड घरात ठेवून ती बाई कशी वावरली असेल? वाळवीची धास्ती, एखाद्या दासीच्या आवराआवरीची धास्ती, घरात पेटणाऱ्या प्रत्येक चुलीची धास्ती.

मेलियागर मोठा झाला. मुलुख उद्ध्वस्त करणारं रानडुक्कर त्यानं मारलं आणि पहिला बाण अटलांटाचा लागला म्हणून कातडं तिला देऊन टाकलं. बाईला मान मिळाला हे मामांना झोंबलं. त्यांनी ते हिसकावलं, भाच्यानं त्यांना ठार केलं. आता अल्थियानं आई व्हायचं की बहीण? ओविड सांगतो, चार वेळा तिनं ते लाकूड जाळात टाकायला घेतलं आणि चारही वेळा हात आवरला. मग टाकलं. त्या वेळी तिघींपैकी एकीलाही यावं लागलं नाही.

बॅकिलिडीसच्या इ.स.पू. 476 मधल्या काव्यात हीच गोष्ट मेलियागर स्वतः सांगतो, पाताळात, हेराक्लिसला. तिथे मामा लढाईच्या धुमश्चक्रीत चुकून मरतात, त्यामुळे आईचा संताप आणखीच अंगावर येतो. एका शत्रूच्या प्रेतावरून चिलखत उतरवत असताना एकाएकी बळ सरू लागलं, तारुण्य हातचं चाललं हे कळून रडू फुटलं, असं तो सांगतो. ऐकून हेराक्लिसचे डोळे भरतात. आयुष्यात तेवढेच एकदा, म्हणे. आणि डोळे पुसता पुसता हा गडी विचारतो काय, तर तुझ्यासारखी एखादी बहीण आहे का रे लग्नाची? आहे, मेलियागर म्हणतो, डिआनिरा.

नवऱ्याचं प्रेम परत मिळावं म्हणून पुढे जी भाबडेपणानं त्याला विषानं माखलेला अंगरखा पाठवणार, ती हीच. कवी त्यातलं अवाक्षर काढत नाही. नाव उच्चारलं जाताच तो गोष्ट तिथेच सोडतो आणि सिराक्यूजच्या हायरोन राजाच्या शर्यत जिंकलेल्या घोड्याचं कौतुक करायला लागतो.