खडीखालचा राजा

ऑगस्टचा महिना, तरी अंगात स्वेटर आणि वरून हॉटेलवाल्याकडून मागून आणलेलं ब्लँकेट. तुर्कस्तानच्या आग्नेयेतल्या काहता गावातून आमची मिनीबस पहाटे तीनलाच सुटली होती. शेवटचा चढ पायीच होता. नेमरूत डोंगर २,१०० मीटरहून उंच, त्यामुळे वीस पावलं चाललं की धाप लागे. पूर्वेच्या गच्चीवर पोचलो तेव्हा नुसत्या काळ्या आकृत्या दिसत होत्या. मग झुंजुमुंजू झालं आणि समोर जमिनीवर माणसाएवढाली दगडी डोकी दिसू लागली. त्यांची धडं मागे सिंहासनांवर तशीच बसलेली.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात इथे कोमाजीनी नावाचं चिमुकलं राज्य होतं. पश्चिमेकडून रोम सरकत आलेलं, पूर्वेला पार्थियन. अडकित्त्यातली सुपारीच! इथला राजा पहिला अँटिओकस वडिलांकडून इराणच्या दरायसशी आणि आईकडून थेट अलेक्झांडरशी नातं सांगायचा. दोन्ही कुळांतल्या पूर्वजांच्या शिळाच त्याने इथे रांगेत उभ्या केल्या होत्या.

देवांच्या बाबतीतही तेच. झ्यूस इथे एकटा नाही, तो झ्यूस-ओरोमास्देस आहे, म्हणजे इराण्यांचा अहुरमज्दही तोच. अपोलोला मिथ्राची जोड. मी एका डोक्याजवळ उकिडवा बसलो. सरळ नाक, भरीव ओठ, सगळी घडण ग्रीक. डोक्यावर मात्र उंच इराणी टोपी. आणि या देवांच्या पंगतीत, त्यांच्याच मापाचा, खुद्द अँटिओकस.

सिंहासनांच्या पाठीवर त्याचा ग्रीक लेख कोरलेला आहे. राजाचा जन्मदिवस आणि राज्याभिषेकाचा दिवस दर महिन्याला साजरा व्हावा, पुजाऱ्यांनी इराणी वेश घालावा, जमलेल्या लोकांना पोटभर खाऊपिऊ घालावं. या सगळ्याच्या खर्चासाठी गावं लावून दिली होती. वाचताना आपल्याकडची देवस्थान इनामं आठवली, आणि नाणेघाटही. तिथेही सातवाहनांनी वाटसरूंच्या नजरेसमोर यज्ञांची, दानांची यादी कोरली, राजघराण्याचे पुतळे उभे केले. आज पुतळे गेले, वरची नावं तेवढी राहिली.

उतरताना अर्सामेयाला थांबलो. तिथल्या शिळेवर कोमाजीनीचा राजा उघड्या हेराक्लिसशी हस्तांदोलन करतोय. राजाच्या अंगावर जरीकाठी थाट, देवाच्या हातात गदा. राजाची मान जराही झुकलेली नाही. देवाशी असं बरोबरीने वागणाऱ्या राजाचं राज्य रोमने इ.स. ७२मध्ये कायमचं गिळलं.

अँटिओकस स्वतः मात्र अजून कोणाच्या हाती लागलेला नाही. शिखरावर फोडलेल्या चुनखडीचा सुमारे ५० मीटर उंच ढीग आहे, त्याखाली त्याची समाधी असावी असं मानतात. थेरेसा गोएल या अमेरिकन संशोधक बाईंनी १९५३पासून इथे वर्षानुवर्षं खणलं, पण दफनाची खोली सापडली नाही. सकाळी गच्चीच्या कडेला त्या ढिगातला मुठीएवढा एक दगड मी सहज उचलला होता. जागा रिकामी होताच वरचे चार खडे खडखडत खाली आले आणि खळगा बुजला. हातातला दगड मी गुपचूप तिथेच ठेवला.