आधी फाड, मग घुमीव!

मित्रहो, गिटार घ्यायची म्हटलं की होस्टेलवर सल्ला देणाऱ्यांची रांग लागते. कुठली कंपनी, कुठलं लाकूड, तारा कसल्या... ज्याने जन्मात तार छेडली नाही तोसुद्धा दोन गोष्टी सांगून जातो. पण अ‍ॅम्प घ्यायचा म्हटलं की सगळ्यांचा प्रश्न एकच, "वॅट किती?" जसं काही आपण गिझर विकत घेतोय! माझं म्हणणं असं, की वॅट हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न अ‍ॅम्पच्या पाठीमागे असतो. तिथे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी दोन सॉकेट्स आहेत का? आणि असली, तर ती नीट काम करतात का? या जोडीला ‘इफेक्ट्स लूप’ म्हणतात.

हे मला कुठल्या प्रोफेसरांनी शिकवलं नाही (सर, राग नसावा!). शिकवलं आमच्या मोहोळच्या तात्यांनी.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. पुणे-सोलापूर हायवेवर, सोलापूरच्या अलीकडे, नागनाथाचं मोहोळ लागतं. तिथे तात्यांची बँजो पार्टी होती. हा बँजो म्हणजे अमेरिकन सिनेमात दिसतो तो गोल नव्हे. आपला बँजो म्हणजे बुलबुल तरंग. खाली तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. त्याचा पूर्वज थेट जपानचा! १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने ‘ताइशोगोतो’ बनवलं, तेच पुढे आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं आणि पिकअप लावून वरातीत शिरलं. रवी जाधवांचा २०१६ चा ‘बँजो’ सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको.

पुढे वरातींमध्ये डीजे आले. आधी तात्यांच्या सुपाऱ्या निम्म्यावर आल्या, मग बंदच झाल्या. कर्णे, बुस्टर, जनरेटर सगळं एकेक करून विकलं गेलं. राहिला फक्त बँजो आणि एक जुनं इको मशीन. ते कपाटात, पितळी भांड्यांच्या शेजारी. आमच्या घरात त्याला कुणी हात लावायचा नाही, असा अलिखित नियम.

दिवाळीच्या सुट्टीत मी गिटार आणि छोटा प्रॅक्टिस अ‍ॅम्प घेऊन घरी गेलो होतो. त्या अ‍ॅम्पला लूपची सोयच नाही, त्यामुळे डीलेचं पेडल गिटार आणि अ‍ॅम्पच्या मधेच लावावं लागतं. अ‍ॅम्पचा गेन वाढवून एक रिफ वाजवली. तात्या ओसरीवर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "आरं, तू आवाज आदी घुमवतोस आन् मग फाडतोस. समदा चिखल व्हायलाय. उलटं कर की! आदी फाड, मग घुमीव."

मी म्हटलं, "तात्या, तुम्ही कसं करायचा?"

"मिक्सर येगळा, बुस्टर येगळा. इको मधल्या वायरीत. सोपंय."

मित्रांनो, मी जर्नल लिहून लिहून थकलो, पण इफेक्ट्स लूपची इतकी नेमकी व्याख्या मला कुठे मिळाली नव्हती! गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये दोन भाग असतात. प्रीअ‍ॅम्प गिटारचा बारीक सिग्नल मोठा करतो, टोन देतो आणि गेन वाढवला की आवाज ‘फाडतो’, म्हणजे डिस्टॉर्शन. पॉवर अ‍ॅम्प तो सिग्नल स्पीकर हलवण्याइतका ताकदवान करतो. तात्यांचा मिक्सर म्हणजे प्रीअ‍ॅम्प, बुस्टर म्हणजे पॉवर अ‍ॅम्प. लूप म्हणजे या दोघांच्या मधली वायर कापून बाहेर काढलेली दोन टोकं. सेंडमधून सिग्नल बाहेर, इको नाहीतर डीलेतून फिरून रिटर्नमधून परत आत.

क्रमाने एवढा फरक का पडतो? समजण्यापुरते आकडे घेऊ. सूर १ व्होल्टचा, त्याचे पडसाद ०.५, ०.२५, ०.१२५ असे उतरत जातात. आता प्रीअ‍ॅम्प ०.१ च्या वरचं सगळं छाटतो असं धरा. डीले आधी असेल तर मूळ सूर आणि तिन्ही पडसाद छाटून ०.१ वरच येतात. उतरता घुमारा गेला, सगळे एकाच आवाजात ओरडायला लागले! शिवाय जुन्या सुराचा पडसाद आणि नवा सूर एकत्र फाटले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे भलतेच सूर तयार होतात. हाच तात्यांचा चिखल. डीले नंतर असेल तर ०.१, ०.०५, ०.०२५ असा उतार जसाच्या तसा राहतो. सिग्नल्स अँड सिस्टिम्सच्या भाषेत, डीले लिनिअर आणि क्लिपिंग नॉन-लिनिअर. अदलाबदल केली की उत्तर बदलतं. व्हायव्हात विचारलं तर हे उदाहरण द्या, माझं नाव सांगू नका.

आता मुख्य गोष्ट. गॅदरिंगसाठी आमच्या बँडला अ‍ॅम्प हवा होता. चौघांचे मिळून अकरा हजार जमले. सात हजार तात्यांनी दिले, न मागता. कर्ण्यांच्या पैशातले उरलेले. देताना म्हणाले, "मशीन पण घिऊन जा. त्येच्यावर वाजतंय का बघून घे." मी ते मशीन टॉवेलात गुंडाळून सॅकमध्ये घातलं आणि मोहोळ स्टेशनवर पुण्याची गाडी पकडली.

पुण्यात दुकानात आमच्यातच जुंपली. आमच्या बेसिस्टला पाहिजे होता सगळ्यात मोठा अ‍ॅम्प. आत वीस इफेक्ट्स, आवाज तर असा की काचा हलाव्यात, पण लूप नाही. तो म्हणाला, "तात्यांचे पैसे घेतले म्हणून तात्यांचंच ऐकायचं का? मैदानात आवाज नको पुरायला?" बोलणं कडू होतं, पण प्रश्न खरा होता. मी म्हटलं, वाजवून ठरवू.

पहिली चाचणी फुकटची आहे, लिहून ठेवा. सेंडमधून रिटर्नमध्ये नुसती छोटी पॅच केबल लावायची, मधे काही नाही. आवाज आधीसारखाच राहिला पाहिजे. लूप असलेल्या पहिल्या अ‍ॅम्पला ती लावली आणि वरचा सगळा चकाकीचा आवाज गेला, गिटारवर गोधडी टाकल्यासारखा. तो बाद.

दुसरी चाचणी लेव्हलची. पेडलला साधारण गिटारच्या पातळीचा सिग्नल लागतो, तात्यांच्या मशीनसारख्या मिक्सर-बुस्टरमधल्या यंत्राला लाइन लेव्हल, म्हणजे बराच मोठा. मोठा सिग्नल पेडलमध्ये घातला तर पेडलच फाटतं, बारीक सिग्नल मशीनमध्ये घातला तर सुरापेक्षा ‘सूंऽऽ’ जास्त ऐकू येतं. म्हणून चांगल्या लूपला लेव्हलचं बटण असतं. १९७५ साली आलेल्या रोलँडच्या जेसी-१२० चं आजचं मॉडेल बघा, त्यावर उणे २० आणि अधिक ४ अशा दोन पातळ्या आहेत. फरक २४ डेसिबल, व्होल्टेजमध्ये जवळजवळ सोळा पट!

तिसरी, लूप सिरीज आहे की पॅरलल? सिरीजमध्ये अख्खा सिग्नल पेडलमधून जातो. पॅरललमध्ये मूळ सिग्नल सरळ जातो आणि पेडलचा त्यात मिसळतो, तेव्हा पेडलमधून फक्त पडसाद यायला हवा. डिजिटल पेडलमधून मूळ सूरही एक मिलिसेकंद उशिरा आला, तर ५०० हर्ट्‌झपाशी आवाजाला खड्डा पडतो. चौथी, मास्टर व्हॉल्यूम रिटर्नच्या नंतर असावा, नाहीतर आवाज कमी-जास्त केला की पेडलची लेव्हलही हलते.

शेवटी एका मध्यम अ‍ॅम्पला लेव्हलचं बटण सापडलं. टॉवेल सोडून मशीन बाहेर काढलं तेव्हा दुकानातला मुलगा हसला. बटण अधिक ४ वर, गेन वर, आणि मी एकच कॉर्ड मारून सोडून दिली. कॉर्ड फाटली, आणि मग पायरी पायरीने उतरत गेली... नागनाथाच्या यात्रेत लांबून यायचा तो घुमारा. मग मोठ्या अ‍ॅम्पवर तीच कॉर्ड, डीले पुढे लावून. बेसिस्ट काही बोलला नाही. पाकीट काढलं आणि त्याचा वाटा मोजून टेबलावर ठेवला. मैदानात आवाज पुरायचं काय? अ‍ॅम्पपुढे माइक लावून कॉलेजच्या साउंड सिस्टिममध्ये दिला, पुरला.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो, लूप सगळ्यांनाच लागतो असं नाही. तुमचं डिस्टॉर्शन पेडलमधून येत असेल आणि अ‍ॅम्प क्लीन ठेवत असाल, तर डीले त्या पेडलच्या नंतर आणि अ‍ॅम्पच्या आधी लावा, काम झालं. उगाच लूपसाठी जादा पैसे घालू नका. पण अ‍ॅम्पचंच डिस्टॉर्शन आवडत असेल तर लूपशिवाय घेऊ नका. शिवाय रिटर्नमध्ये मल्टी-इफेक्ट्स थेट जोडलं की अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प वगळून नुसता पॉवर अ‍ॅम्प वापरता येतो, हा जादाचा फायदा.

गॅदरिंगला तात्या आले नाहीत, उसाला पाणी द्यायची पाळी होती. मी रेकॉर्डिंग पाठवलं. रात्री फोन आला. वाटलं, आता कौतुक होणार! म्हणाले, "घुमारा झ्याक आलाय. फाडतोस जरा जास्त. आन् मशीन तिथंच ठिव, हितं कपाटात काय करायचंय."

तेव्हा मित्रहो, मशीन आता होस्टेलच्या कॉमन रूममध्ये, अ‍ॅम्पच्या शेजारी आहे. ज्याला पाहिजे त्याने वाजवावं. फक्त लूपचं बटण अधिक ४ वर आहे ना, ते आधी बघा. आणि हो, रेक्टर सरांची झोपायची वेळ साडेदहा!

– तृतीय वर्ष, ई अँड टीसी