सव्वाशे डॉलरची गोधडी

"यात कुणी मेलं-बिलं नाहीये ना?"

बायकोने मला दारातच अडवलं. माझ्या खांद्यावर काळ्या पट्ट्यांनी करकचून आवळलेलं, लहानशा पिंपाएवढं एक गाठोडं होतं. मिनियापोलिसजवळच्या एका सरप्लस दुकानातून सव्वाशे डॉलर मोजून आणलेलं. अमेरिकन लष्कराने वापरून मोडीत काढलेली स्लीपिंग बॅग. बायकोच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आतल्या कापडी पट्टीवर कुणीतरी मार्करने आडनाव लिहिलं होतं आणि नंतर कुणीतरी त्यावर जाड रेघ ओढली होती. ती पट्टी मी तिला दाखवली नाही.

हे खूळ डोक्यात शिरलं ते ऑफिसातल्या एका मित्रामुळे. त्याचे आजोबा फिनलंडहून इथल्या लोखंडाच्या खाणीत कामाला आलेले. थंडी त्याच्या रक्तातच आहे. दर जानेवारीत तो उत्तरेला एली गावापलीकडे, बाउंड्री वॉटर्सच्या अरण्यात, गोठलेल्या तळ्यावर तंबू ठोकून राहतो. "येतोस का?" म्हणाला, आणि मी सह्याद्रीच्या जोरावर "येतो" म्हणून बसलो. रतनगडाच्या गुहेत डिसेंबरात एक चादर आणि एक शाल यावर काढलेली रात्र ही माझी थंडीतली कमाई. नंतर घरी येऊन जरा वाचलं. एलीहून फार लांब नसलेल्या टॉवर गावात 2 फेब्रुवारी 1996 ला पारा उणे 51 अंश सेल्सिअसवर गेला होता. पण तोवर शब्द देऊन झाला होता.

अशा थंडीला चालेल अशी नवी, पिसं भरलेली बॅग घ्यायची तर पाचशे डॉलरच्या पुढेच बात. म्हणून सरप्लस.

घरी आणून गाठोडं सोडलं तेव्हा प्रकरण कळलं. ही एक बॅग नाही, तीन वस्तू आहेत. एक हिरवी पातळ बॅग, उणे 1 अंशापर्यंतची. तिच्या आत जाणारी काळी जाड बॅग, उणे 23 पर्यंतची. आणि या दोघींवर चढवायची गोअर-टेक्सची खोळ, झाडापानांच्या लष्करी रंगातली. तिन्ही एकात एक घालून बटणांनी जोडल्या की आकडा उणे 34 वर जातो. आजी जुनी लुगडी एकावर एक अंथरून धावदोऱ्याने गोधडी शिवायची, त्यातलंच हे शास्त्र. ऊब कापडात नसते, दोन थरांमध्ये अडकून पडलेल्या हवेत असते. फरक इतकाच की आजीच्या गोधडीला चेन नव्हती. या चेनवर पुढे यायचंय.

धुतल्याशिवाय घरात ठेवायची नाही, असा हुकूम झाला. आमच्या मशीनमध्ये मधोमध दांडा आहे, त्यात बॅगेच्या आतलं भरण फाटण्याची भीती. म्हणून कोपऱ्यावरच्या लाँड्रीत पुढून दार असलेलं मोठं मशीन गाठलं, ड्रायर मंद आचेवर लावला आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून आत दोन टेनिस बॉल टाकले. तासभर ते धप धप वाजत राहिले आणि शेजारच्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

मार्टिन ल्यूथर किंगच्या सुट्टीचा लाँग वीकएंड होता. संक्रांत नुकतीच झालेली. सामानात तुपाची डबी आणि डझनभर गूळपोळ्या होत्या. बॅग पाच किलोंची, पण वजनाचा जाच नव्हता. प्लॅस्टिकच्या स्लेजवर सगळं लादायचं, दोर कमरेला बांधायचा आणि बर्फावरून चालत सुटायचं. तिथे बहुतेक भागात मोटरला बंदी आहे. त्यामुळे थांबलं की स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नाही.

पहिली रात्र उणे 26 ची. माझा हिशेब सरळ होता: बॅग उणे 34 ची, म्हणजे आठ अंश शिल्लक. मित्राने निघण्याआधी "दोन मॅट घे" असं बजावलं होतं, पण सैनिकाच्या बॅगेला काय गरज, म्हणून मी उन्हाळ्यातली एकच पातळ मॅट घेतली. साडेनऊला बॅगेत शिरलो, टोपडं ओढून घेतलं, नाकसुद्धा आत घेतलं आणि मिटल्या डोळ्यांनी त्या अनोळखी सैनिकाचे आभार मानले.

अकराच्या सुमारास कंबर जागी झाली. वरून मजेत ऊब होती, खालून मात्र बर्फ माझ्यातली उष्णता शांतपणे ओढून घेत होता. पाठीखालची बॅग माझ्याच वजनाने चपटी झाली होती. तंतूंमधली हवा निघून गेली की पाच किलोंच्या बॅगेचा पाठीखालचा भाग म्हणजे नुसती सतरंजी. कूस बदलली की दुसरी बाजू गार. कण्यापासून सुरू झालेली हुडहुडी दातापर्यंत आली. शिवाय बॅगेवरचा तो आकडा अंगात लष्कराचे थर्मल कपडे घातलेल्या माणसासाठी असतो, हे मला मागाहून समजलं. मी त्या रात्री आकडा पांघरला होता.

पहाटे डोळ्यांवरून काहीतरी भुरभुरलं. टॉर्च लावला. खोळीच्या आतून पिठीसाखर शिंपडावी तसा बर्फाचा पातळ थर जमला होता. तो माझाच श्वास. गोअर-टेक्समधून वाफ बाहेर जाते हे खरं, पण इतक्या थंडीत ती खोळीपर्यंत पोचते न पोचते तोच गोठते, मग बाहेर जायचं काय? आणि मी तर रात्रभर तोंड आत ठेवून बॅगेला वाफारा दिला होता.

सकाळी मी मुकाट्याने बॅग कोंबून पिशवीत भरायला लागलो. मित्राने ती माझ्या हातातून काढून घेतली, खोळ उलटी केली, दोन झाडांमध्ये दोर बांधून तिन्ही थर वेगळे टांगले आणि आपण उन्हात गादी झोडतो तशी काठीने झोडली. पांढरा धुरळा उडाला. तसाच भरला असता तर दिवसभरात विरघळून आत मुरला असता. पिसांची बॅग ओल धरली की बसते, म्हणून तो स्वतःच्या बॅगेला जिवापाड जपत होता. माझ्या बॅगेत पॉलिस्टर, ओल जरा तरी सोसणारं. त्या एका मुद्द्यावर माझी बॅग त्याच्या बॅगेहून सरस ठरली आणि मी तो मुद्दा दिवसभरात चार वेळा काढला.

दुसऱ्या रात्री पारा उणे 29 ला गेला. या खेपेला खाली माझी मॅट आणि त्याने मला ओळखून जादा आणलेली जाड फोमची मॅट. त्याखाली रिकामी सॅक. अंगात दिवसभर न घातलेले कोरडे थर्मल. मांड्यांच्या मध्ये मोज्यात घातलेली उकळत्या पाण्याची बाटली. झोपायच्या आधी स्टोव्हवर गरम करून, तुपाने थबथबलेल्या दोन-दोन गूळपोळ्या. मित्राने पहिला घास घेतला आणि ही रेसिपी त्याच्या आजीला कशी माहीत नव्हती असं विचारलं. नाक बाहेर ठेवलं, त्यावर मफलर. नाक बर्फासारखं झालं, पण बाकीचा मी कोरडा आणि सुखी. तळ्यावरचा बर्फ ताणला जाऊन मधूनच लांबवर तोफ डागल्यासारखा आवाज यायचा. पहिल्या दोन आवाजांना दचकलो, तिसरा ऐकलाच नाही.

चार वाजता जाग आली ती निसर्गाच्या हाकेने. काळ्या बॅगेची चेन उघडली. हिरवीची अर्ध्यावर आली आणि आतलं अस्तर गिळून बसली. वर जाईना, खाली येईना. हातमोज्यात पकड येईना, मोजा काढला तर धातू बोटाला चावे. बाटलीभर पाणी आणि तीन कप चहा पोटात. अशा वेळी माणसाला काय आठवेल सांगता येत नाही. मला 1950 चं, कोरियन युद्धातलं चोसिन तळं आठवलं. असल्याच थंडीत चिनी फौजा रात्री चालून आल्या तेव्हा काही अमेरिकन सैनिक चेन लावलेल्या बॅगेत अडकलेले सापडले. पुढे कितीतरी तुकड्यांत बॅगेची चेन पूर्ण लावून झोपायला मनाई झाली. माझ्यावर कुणी चालून आलेलं नव्हतं, पण घाई तेवढीच होती. शेवटी अस्तर दातात धरून हिसडा दिला, तेव्हा सुटलो. शुद्ध मराठीत जे काही बोललो ते मित्राला कळलं नाही, पण त्याच्या तंबूतून हसण्याचा आवाज आला.

त्यानंतर तीन हिवाळे झाले. काळी बॅग आणि खोळ दर जानेवारीत उत्तरेला जातात. हिरवी मात्र माझ्या वाट्याला उरत नाही. ती बायकोने सोफ्यावर ताब्यात घेतली आहे, आणि तिच्यात कुणी मेलं होतं का हा प्रश्न आता ती विचारत नाही.

तुम्हीही सरप्लसच्या दुकानात गेलात तर रंग बघू नका, डाग बघू नका, दुकानदार सांगतो तो आकडाही लगेच मनावर घेऊ नका. बॅग तिथेच जमिनीवर पसरा, आत शिरा, आणि हातमोजे घालून चेन दहा वेळा वर-खाली करून बघा. लोक बघतील. बघू देत.