पुस्तकात बघून गाडी नीट होते का? – माझे सर्व्हिस मॅन्युअल



'वाचाल तर वाचाल' हे वाक्य आपण मुलांना नेहमी सांगतो. आज मी एका वेगळ्याच पुस्तकाबद्दल लिहिणार आहे. त्यात गोष्ट नाही, कविता नाही, खाली स्वाध्यायही नाही. तरी गेल्या तीन वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा उघडलेलं पुस्तक तेच. ते म्हणजे माझ्या मोटारसायकलचे सर्व्हिस मॅन्युअल.

गरज का पडली?

माझी शाळा अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या वाडीवर आहे. द्विशिक्षकी शाळा. राहतो तिथून १९ किलोमीटर, त्यात घाटाचा रस्ता. एसटी आहे, पण तिची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नाही. दुसऱ्या बाई प्रशिक्षणाला किंवा रजेवर असल्या की शाळेची किल्ली माझ्याच खिशात. त्या दिवशी गाडी बंद पडली तर २३ मुलं कुलूप लावलेल्या दारासमोर बसून राहतात. आणि मध्यान्ह भोजन? तेही कुलपाच्या आतच. त्यामुळे गाडी हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही.

गाडी म्हणजे २००९ ची जुनी स्प्लेंडर, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. पावसाळ्यात चेन ढिली पडायची, कडकड वाजायची. बाजारगावात एका गॅरेजवर चेन ताणून घेतली. पोरगा घाईत होता, पाच मिनिटांत काम झालं. घाट चढून शाळेत आलो तर मागचा ड्रम हाताला चटका बसेल एवढा तापलेला! मागचं चाक जड फिरत होतं. चेन ताणली तर ब्रेक का अडकला, हे मला कोणी नीट सांगेना. 'जुनी गाडी आहे सर, चालायचंच' एवढंच उत्तर मिळालं.

पुस्तक मिळालं कसं?

गाडीची तीन प्रकारची पुस्तकं असतात, हे तेव्हा कळलं. पहिलं, गाडीबरोबर मिळणारं मालकाचं छोटं पुस्तक. दुसरं, सुट्या भागांचा कॅटलॉग. त्यात प्रत्येक नट-बोल्टचं चित्र आणि नंबर. तिसरं सर्व्हिस मॅन्युअल. ते मेकॅनिकसाठी लिहिलेलं असतं. कोणता भाग कसा उघडायचा, किती ढिला ठेवायचा, किती आवळायचा, सगळं त्यात.

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याला गेलो होतो. नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत. चार दुकानांत हसले. 'मॅन्युअल कशाला, गाडीच घेऊन या,' म्हणाले. पाचव्या दुकानात एका काकांनी वरच्या फळीवरून जुनी प्रत काढून दिली. तेलाचे डाग पडलेली, कोपरे दुमडलेली. साडेचारशे रुपये. घेण्याआधी गाडीचं मॉडेल आणि साल जुळतं का, ते मात्र नीट बघून घेतलं. दुसऱ्या मॉडेलचं पुस्तक म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा!

वाचायचं कसं?

पुस्तक इंग्रजीत. माझं शिक्षण मराठी माध्यमात, पुढे डी.एड. पहिले आठ दिवस डोकं दुखलं. मग मुलांना सांगतो तेच केलं. शंभर पानी वही घेतली आणि शब्दार्थ लिहायला सुरुवात केली. 'क्लिअरन्स' म्हणजे दोन भागांमधली फट. 'फ्री प्ले' म्हणजे काम सुरू होण्याआधीची मोकळी हालचाल. 'टॉर्क' म्हणजे पिळण्याचा जोर.

एक गोष्ट फार आवडली. सूचनांना तीन पायऱ्या आहेत. 'नोट' म्हणजे उपयोगी माहिती. 'कॉशन' म्हणजे ऐकलं नाही तर गाडीचं नुकसान. 'वॉर्निंग' म्हणजे ऐकलं नाही तर माणसाला इजा. आपण वर्गात सगळ्याच सूचना एकाच आवाजात ओरडून देतो. मग मुलांना कोणती महत्त्वाची ते कसं कळणार?

चेन आणि ब्रेकचं कोडं

चेनचं पान उघडलं आणि उत्तर सापडलं. चेन ताणायची म्हणजे मागचं चाक थोडं मागे सरकवायचं. या गाडीचा मागचा ब्रेक लोखंडी रॉडने ओढला जातो. चाक मागे गेलं, पण रॉडची लांबी तेवढीच राहिली. म्हणजे पायाने न दाबताच ब्रेक थोडा लागलेला राहणार! म्हणून चेन झाली की ब्रेक पॅडलची मोकळी हालचाल पुन्हा तपासा, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. ती २० ते ३० मिलिमीटर हवी.

मग स्वतः करून बघितलं. गाडी डबल स्टँडवर, गिअर न्यूट्रलमध्ये. चेनकव्हरचं रबरी बूच काढून चेन वर-खाली हलवून मोजली. तिलाही २० ते ३० मिलिमीटर हालचाल हवी. चाक हळूहळू फिरवून जिथे चेन सगळ्यात ताठ वाटते तिथे मोजायचं. दोन्ही बाजूंच्या अॅडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवायच्या, नाहीतर चाक तिरकं बसतं. शेवटी ब्रेकचा नट ढिला करून पॅडल मोजलं. दुसऱ्या दिवशी घाट चढून ड्रमला हात लावला. गारही नव्हता, चटकाही बसला नाही. त्या दिवशी परिपाठ मी जरा जास्तच जोरात घेतला असेन.

आता घरी काय काय करतो?

ऑइल बदलतो. दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवून ऑइल कोमट करायचं, मग खालचा बोल्ट काढायचा. पातळी बघताना काडी आटे पिळून बसवायची नाही, नुसती टेकवायची. ही लहानशी ओळ वाचली नसती तर कळलीच नसती. काळं ऑइल ओढ्यात किंवा शेताच्या कडेला टाकत नाही. डब्यात साठवून गॅरेजवर देतो.

स्पार्क प्लग आधी हाताने फिरवून बसवतो, पाना नंतर. प्लग नवीन असेल तर हाताने टेकल्यावर अर्धा फेरा पुरतो. सगळ्यांना वाटतं, जास्त आवळलं म्हणजे पक्कं. पण आटे गेले की तेच काम हजारात जातं.

टापेटची फट पुस्तकात दिली आहे ०.०५ मिलिमीटर, इंजिन थंड असताना. ही संख्या मी पाचवीच्या फळ्यावर लिहिली. पाचशे कागदांचं रीम पट्टीने मोजलं, साधारण ५० मिलिमीटर भरलं. भागाकार केला, एक कागद ०.१ मिलिमीटर. 'म्हणजे अर्ध्या कागदाएवढी फट!' एक मुलगी ओरडली. दशांश अपूर्णांक इतक्या लवकर कधी समजले नव्हते. तिनेच पुढे विचारलं, "गुरुजी, पुस्तकात बघून गाडी नीट होते?" मी म्हणालो, "होते, पण हात काळे करावे लागतात."

काय करत नाही?

इंजिन उघडत नाही. क्लच प्लेटला हात लावत नाही. त्याला खास हत्यारं लागतात आणि रोजचा हात लागतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे दोष शोधायला वेगळं यंत्र लावतात, नुसता पाना पुरत नाही.

आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी एकदा चेष्टेत विचारलं, "सर, आमच्या पोटावर पाय देता की काय?" मी त्यांना टॉर्कचा तक्ता दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "आम्ही हे अंदाजाने करतो. वीस वर्षांत असं लिहिलेलं कुणी दाखवलंच नाही." त्या पानाची झेरॉक्स आता त्यांच्या भिंतीवर आहे. आणि त्यांच्या हाताला जो अंदाज आहे, तो माझ्या पुस्तकात नाही. मोठं काम निघालं की मी त्यांच्याकडेच जातो. आता फरक एवढाच, की काय बिघडलंय ते मी नीट सांगू शकतो.

शिक्षक मित्रांसाठी एक उपक्रम

एखादी सायकल वर्गाबाहेर उभी करा. मुलांना पट्टी द्या. चेन किती मिलिमीटर हलते ते मोजू द्या आणि 'सायकलची चेन कशी तपासावी' यावर पाच सूचना लिहायला सांगा. मग वह्या बदला. दुसऱ्या गटाने फक्त त्या सूचना वाचून काम करायचं, तोंडी काही विचारायचं नाही. कुठे अडलं, तिथे सूचना अपुरी आहे. ती पुन्हा लिहायची. माझ्या वर्गात पहिल्या खेपेला एकाही गटाने 'आधी सायकल स्टँडवर लावा' हे लिहिलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला सगळ्यांनी लिहिलं.