पाताळातलं राज्य

वसईजवळच्या माणिकपूरच्या एका मुलाला पाताळ पहिल्यांदा भेटलं भा. रा. भागवतांच्या ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’मध्ये. मूळ कादंबरी ज्यूल व्हर्नची, १८६४ची. आइसलंडच्या ज्वालामुखीतून उतरलेली मंडळी इटलीच्या स्ट्रॉम्बोलीतून वर येतात. वाटेत समुद्र लागतो, अजस्र प्राणी दिसतात. राज्य मात्र कुठंच नाही. त्याला तर राज्यच हवं होतं. वसई किल्ल्याच्या भुयारात नक्की कुणीतरी राहतं, असं तो मित्रांना छातीठोकपणे सांगायचा.

वस्ती सापडली ती कॉलेजात, लुडविग हॉलबर्गच्या कादंबरीत. तिचा नायक नील्स क्लिम बर्गनजवळच्या गुहेतून थेट पृथ्वीच्या पोटात पडतो. ही लॅटिन कादंबरी १७४१ची, म्हणजे चिमाजी अप्पांच्या फौजेनं सुरुंग लावून वसईचा बुरूज उडवला त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. खाली चालत्याबोलत्या झाडांचा पोटू नावाचा देश आहे. तिथं चटकन समजणारा माणूस उथळ ठरतो आणि बायका मोठमोठ्या हुद्द्यांवर असतात. चलाख क्लिमला नोकरी मिळते निरोप्याची, कारण पाय तेवढे वेगवान! पुढे बायकांना पदांवरून काढा असं सुचवतो आणि हद्दपार होतो. बरं झालं.

एडवर्ड बुल्वर-लिटनच्या ‘द कमिंग रेस’नं (१८७१) मात्र त्या मुलाची झोप उडवली. खाणीतून खाली गेलेल्या अमेरिकन माणसाला व्रिल-या लोक भेटतात. सर्वनाश करू शकणारी ‘व्रिल’ शक्ती पोरासोरांच्याही हाती असल्यानं तिथं युद्धच उरलेलं नाही. गरिबी नाही, गुन्हे नाहीत. बायका पुरुषांहून धिप्पाड, लग्नाची मागणीही त्याच घालतात. इंग्लंडात ‘व्रिल’ हा शब्द एवढा गाजला की गोमांसाच्या अर्काचं नाव ‘बोव्हरिल’ ठेवलं गेलं. पण निवेदक परततो तो धास्ती घेऊनच: हे लोक एक दिवस वर येतील आणि आपला निकाल लावतील.

ते वाचताना त्याला आजी आठवली. बळीराजाही पाताळातच, सुतलात राहतो. त्याचं राज्य पुन्हा येवो, असं आजी दर पाडव्याला मागायची. ‘द कमिंग रेस’नंतर दोनच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त बळीला न्यायी राजा म्हणून उभं केलं. खालच्यांनी वर येण्याची लंडनच्या लॉर्ड बुल्वर-लिटनला भीती वाटावी आणि इथल्या कुणब्याला आस, यात त्याला नवल वाटत नाही.

याच लॉर्डाचा मुलगा १८७६ साली हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या दुष्काळात दख्खन उपाशी मरत असताना त्याच्या सरकारनं धान्याची निर्यात थांबवली नाही.